ढोकीची मशीद आणि माझी दमलेली आई

माझ्या आईला मशिदीचा कंटाळा होता.

तरी बंद पडलेली मशीद तिनंच उघडायला लावली.

आज तिचा स्मृतिदिन. म्हणून लिहितेय.

गोंधळू नका. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणायची.

ढोकी स्टेशनच्या मागं एक लांबट खोली, तीच आमची मशीद. छताला टांगलेला तेलाचा दिवा. लाकडी कपाटात सेफेर तोरा, आमचा हातानं लिहिलेला धर्मग्रंथ. राज्य निजामाचं. बाबा रेल्वेत होते आणि त्यांचे वडील, माझे आजोबा, हजान, म्हणजे सगळ्यांच्या पुढं उभं राहून प्रार्थना म्हणणारे.

खोलीला कुलूप लागलं ते माणसं कमी होती म्हणून नाही. होती ती आम्हीच घालवली म्हणून.

आमच्यातही वरचे-खालचे होते. गोरे इस्रायल, काळे इस्रायल. कातडीच्या रंगाशी संबंध नाही, सगळं कुळावरून. माझ्या एलिजामामानं परंड्याच्या "काळ्या" घरातली लिआमामी केली आणि तिकडंच राहिला. सणावाराला ते सगळे ढोकीला यायचे.

एका सणाला मामीचा भाऊ दाऊद सेफेर उचलायला पुढं झाला. आजोबांनी भरल्या खोलीत त्याचा हात बाजूला सारला.

"तुमी मागं थांबा."

ते मागं थांबले नाहीत. परंड्याला निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

दहा पुरुष असल्याशिवाय आमची पुरी प्रार्थना होत नाही. मामाकडचे गेल्यावर दहा कधी जमलेच नाहीत.

त्यात आईचं माहेरही तुटलं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

काही वर्षांनी आजोबा गेले. खांदा द्यायला शेजारचे वाणी आले, स्टेशनचे हमाल आले. चांगली माणसं. पण बापासाठी मुलानं म्हणायची ती कद्दिश दहा ज्यू पुरुषांशिवाय म्हणता येत नाही.

बाबा सुतकात जमिनीवर बसून होते. शब्द पाठ होते, म्हणता येत नव्हते.

"तुझ्या भावाला बोलव" हेही त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

आईनं पिशवी भरली. मला घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून मला घेतलं. नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं बार्शीला, पुढं बैलगाडी.

मामानं दारातच विचारलं, "सासरा मेला तवा आमी आठवलो व्हय, अक्का?"

"व्हय," आई म्हणाली.

मामा दारातून बाजूला झाला.

"मी लई दमले रे. तुला समजवायला आले न्हाय. माफी ज्यानं मागायची तो गेला. त्याच्या लेकाला कद्दिश म्हणायचीय. यायचं तर या."

एवढं बोलून ती भिंतीला टेकली. डोळे मिटले. आणि खरंच झोपली.

लिआमामी चुलीपाशी उभी होती. तिनं झोपलेल्या नणंदेच्या तोंडाकडं बघितलं. मग भावाला म्हणाली, "दाऊद, गाडी सांग. पन तिथं जाऊन मागं थांबायचं न्हाय."

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला आमच्यात जारत म्हणतात. त्या सकाळी मशिदीचं कुलूप निघालं. आत धूळ, जाळी, कोंदट वास. मामा आला, दाऊद आला, मामीचे चुलतभाऊ आले.

बाबांनी कपाट उघडलं, सेफेर काढला आणि सरळ दाऊदच्या हातात दिला.

माफी-बिफी काही नाही.

मग बाबांनी कद्दिश म्हटली. अर्ध्यात आवाज फुटला, तेव्हा उरलेले शब्द दाऊदनं हळू आवाजात त्यांच्याबरोबर म्हटले.

मी पळत मागच्या चुलीकडं गेले. "आई, बाबांनी दाऊदमामाला सेफेर दिला!"

"भात खाली लागतोय. सरक."

मशीद अशी सुरू झाली. भूमहून, बार्शीहून, कुठून कुठून माणसं यायला लागली. भिंतींना चुना लागला. पोरांना हिब्रू अक्षरं शिकवायला दाऊदमामा मुक्कामाला येऊ लागला.

आणि आई? शनिवारी आमच्यात चूल पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दोन दिवसांचं रांधायची. अंथरुणं घालायची, पाणी भरायची. बायकांनी पडद्यामागं बसायचं, ती तिथंही पोचायची नाही.

लोक म्हणायचे, रिबकाबाई, केवढं पुण्य! ती म्हणायची, "पुण्य तुमाला घ्या, दोन घागरी पानी आना."

हे फार वर्षं टिकलं नाही. रझाकारांच्या दिवसांत माणसं प्रवासाला भ्यायला लागली. पोलीस ॲक्शननंतर बाबांची ट्रान्सफर झाली. परंड्याचे आधी मुंबईला आणि मग बोटीनं इस्रायलला गेले. दाऊदमामानं सेफेर मुंबईच्या सिनेगॉगमध्ये पोचवला.

खोली मालकाला परत दिली. त्या दिवशी आई रडली नाही. झाडून काढली आणि किल्ली दिली.

तिच्या म्हातारपणी मी एकदा विचारलं, "आई, तुला समाधान वाटतं का गं?"

"कंबर दुखायची," ती म्हणाली. मग, "बाबांचं तेवढं झालं, बरं झालं."

ती गेली त्या दिवशी लिआमामीचा फोन आला. नव्वदीची बाई, इस्रायलमध्ये इतकी वर्षं काढून बोली तशीच.

म्हणाली, "पोरी, त्या दिवशी मी न्हाईच म्हननार व्हते. तुझी आई गोड बोलली असती, पाया पडली असती, तर हाकलून दिली असती. पन ती आमच्या घरात झोपली. तुझा मामा सोडला तर आमच्या घरात तुमच्यातलं कुनी तोवर पानी सुदिक प्यालं नव्हतं गं."

मला हे माहीतच नव्हतं.

आईलाही बहुतेक माहीत नसावं. ती फक्त दमली होती.

आई, आता कुणासाठी उठू नकोस. शांत पड.

तुझी आठवण मनात भरून आहे. नमस्कार.