मागितला साबण, लिहिला नकार

तुमच्या अंगाला तुमच्या कामाचा वास येतो का हो? येत नसेल, तर रस्त्यात गाडी अडवल्यावर तुमच्याकडे फक्त कागद मागतील. आमच्या पॉलिशवाल्या दादांना आधी तोंड उघडायला सांगतात.

दादा सव्वीस वर्षं लाकडाला पॉलिश करतायत. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा बोळा त्यात बुडवायचा आणि लाकडावर हात फिरवत राहायचं, खांदा भरून येईपर्यंत. लाकडाच्या वखारीमागे त्यांची एक खोली आहे. तिथे वहिनी पॉलिशपेपरनं घासतात, दादा चकाकी आणतात. दुकानदारानं स्पिरिटचा डबा उघडला की दादा दारातूनच सांगतात, "पाणी घातलंयस, बंद कर." असं नाक! वहिनी म्हणतात, "मी नवा साबण लावून समोर बसले तरी यांना कळत नाही. स्पिरिट मात्र गल्लीच्या टोकावरून कळतं."

दारूला त्यांनी कधी हात लावला नाही. कोणी आग्रह केलाच, तर म्हणतात, "दिवसभर हुंगतो ते काय कमी आहे?"

मी दारुड्या ड्रायव्हरांची वकिली करतोय, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं इथेच थांबावं. पिऊन गाडी चालवणाऱ्याला धराच. दया नको, माया नको. पण ज्यानं घेतलेलीच नाही त्याला कुठल्या तोंडानं धरता?

दुपारची वेळ होती. दादा आपली व्हॅन चालवत होते, मागे जेवणाचं टेबल, गोधडीत गुंडाळलेलं. ते धरून वहिनी बसल्या होत्या. चौकात पोलिसानं हात केला, खिडकीतून डोकं आत घातलं आणि नाक मुरडलं.

"किती घेतलीस?"

"साहेब, हा कपड्यांचा वास. मागे डबा आहे, बघा."

"रोज एक नवीन डबा ऐकतो मी."

फुंकायचं यंत्र बंद पडलेलं होतं. मग रक्त तपासायला सरकारी दवाखान्यात चल म्हणाला. दादा खुशीनं गेले. चला, एकदाचं खरं काय ते निघेल! वहिनी बाहेर व्हॅनमध्येच थांबल्या, टेबलाला ओरखडा गेला असता म्हणून.

आत सिस्टरनं बाही वर सारली, कापसावर बाटली उपडी केली. दादांनी हात मागे घेतला.

"ताई, हे स्पिरिट आहे. यानं पुसून रक्त काढलंत तर रक्तात काय सापडेल? साबण-पाण्यानं पुसा. मग हव्या तेवढ्या बाटल्या भरून घ्या."

सिस्टर म्हणाली, "साबण संपलाय." पोलीस म्हणाला, "घाबरला बघ." आणि बाकावर रांगेत बसलेला, पायाला पट्टी बांधलेला एक माणूस खो खो हसत ओरडला, "अरे, दारुड्याला साबण हवाय!" सगळी रांग हसली.

पोलिसानं कागद लिहिला. "कर सही, मग जा." दादांचा चष्मा व्हॅनमध्ये राहिला होता. त्यांना वाटलं, साबण नाही म्हणून तपासणी झाली नाही, एवढंच लिहिलं असेल. सही केली. कागदावर होतं: चालकाच्या तोंडाला दारूचा वास. रक्त देण्यास स्पष्ट नकार.

आपल्या कायद्यात नकार हा वेगळा गुन्हा आहे. लायसन्स तिथल्या तिथे जप्त झालं.

मी दादांवर भडकलो. "न वाचता सही केलीच कशी? चष्मा आणतो म्हणायचं, वाचून दाखवा म्हणायचं, तुमचं म्हणणं सहीच्या वर तुमच्या हातानं लिहायचं! हक्क आहे तुमचा!" ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तो समोर उभं राहून सगळं ऐकत होता. ऐकलेलं माणूस उलटं लिहील, असं मनात आलं नाही."

आज दोन महिने झाले. पॉलिशचा शेवटचा हात गिऱ्हाइकाच्या घरी द्यावा लागतो, कारण जाताना लाकूड कुठे ना कुठे घासतंच. गाडी नाही तर शेवटचा हात नाही, शेवटचा हात नाही तर काम नाही. दादा खोलीत बसून जुन्याच फळीवर बोळा फिरवत असतात. तिच्यात आता तोंड दिसतं.

मी नियमांचं पुस्तक मिळवलं. त्यात छापलंय: अशा तपासणीत रक्त घेताना कातडी स्पिरिटनं पुसू नये. त्यांचंच पुस्तक, त्यांचाच छापखाना! पॉलिशवाल्याला जे नाकानं कळलं ते यांना छापूनही कळेना. पुस्तक घेऊन वाहन कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर आपटलं. ते म्हणाले, "नियम बरोबर आहे. पण यानं तर रक्तच दिलं नाही."

"साबण मागणं म्हणजे नकार?"

"मागितला याला साक्षीदार कोण?"

सिस्टरकडे गेलो. तिनं मान खाली घातली. "खरं आहे ते. पण भाऊ, मला तिथेच नोकरी करायचीय." तिला काय शिव्या देऊ?

येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता शेवटची सुनावणी आहे. त्या दिवशी हुकलं तर दादांचं लायसन्स कायमचं जाईल.

तर पायाला पट्टी बांधलेले काका, तुमच्याशीच बोलतोय. हे पत्रक मी त्या दवाखान्याच्या आसपास घरोघर टाकतोय, तुमच्या हाती पडणारच. हसलात याचा राग होता, आता नाही. तुमच्या त्या हसण्यातच आमचा अख्खा पुरावा आहे. वाहन कचेरीचा दुसरा मजला, जिना चढवत नसेल तर मी उचलून नेतो. माफी नको, भाषण नको. फक्त या, आणि त्या दिवशी जे ओरडलात ते एकदा साहेबांसमोर तसंच्या तसं ओरडा.