सुभेदारावर कारकून

चहा घेता घेताच ऐका, कारण ही माझ्या फजितीची गोष्ट आहे आणि मी ती दुसऱ्यांदा सांगणार नाही. अंगात तेवढी ताकद उरलेली नाही.

तेव्हा आम्ही मुर्रीला राहत होतो. मी गोंदियाच्या कचेरीत कारकून. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, रिसाल्यातून, म्हणजे घोडदळातून, दफेदार होऊन घरी परतला. दुसरा कोणी असता तर त्याने मुकाट्याने धान लावलं असतं. दादा म्हणाला, "आपण घोडे ठेवू."

"कोणाचे?"

"लोकाचे! मालगुजारी गेली. मालकलोकांचे घोडे नुसते उभे हायेत, पाहणारा कोणी नाही. ते आपल्या इथं राहतील, खातील, अन् मी त्याइले कवायत शिकवीन."

कवायत म्हणजे फौजेतले साहेब ज्याला ड्रेसाज म्हणत, ती. स्वाराने तोंड उघडायचं नाही, चाबूक उचलायचा नाही. एक टाच लागली की घोडा आडवा चालणार, दोन्ही लागल्या की जागच्या जागी नाचणार, लगाम धरून अंग मागे टाकलं की उलटा मागे जाणार. बघणाऱ्याला वाटावं, घोड्याला मनातलं कळतं!

सगळं घर कामाला लागलं. बांधालगतच्या उंच जागेत रिंगण आखलं, तबेला उभा राहिला. माझ्या वाट्याला रोजची लीद आली. ती उपसायची, आंघोळ करायची, सायकल हाणत कचेरी गाठायची. टेबलाशी बसलो की शेजारचा कारकून नाक धरून विचारी, "बाबूजी, आज फाइल में घोडा है क्या?" मला हसायचंही त्राण नसे.

सहा महिने झाले तरी तबेल्यात दोनच जनावरं. एक गोंदियाच्या एका डॉक्टरांची म्हातारी घोडी आणि दुसरा दादाचा स्वतःचा घोडा. त्याचं नाव सुभेदार. दफेदाराच्या घरी सुभेदार! हुकूम कोणाचा चालत असेल ते तुम्हीच ओळखा.

असंच चाललं असतं तर तबेला मोडून दादाला राइस मिलच्या फाटकावर चौकीदारी करावी लागली असती. तशी जागा त्याला देऊही केली होती. तेवढ्यात कळलं, केशोरीकडचे एक मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार, आपले चार घोडे कुठेतरी सोपवायच्या विचारात आहेत.

"सदा, तू एक चांगली चिठ्ठी लिही," दादा मला म्हणाला. "तुले लिहिता येते."

इथे मी घसरलो. मला लिहिता येतं हे खरं, पण थांबता येत नाही. सही करता करता सुचलं आणि लिहून टाकलं, 'आमचेकडे शिकविलेला घोडा इतका समंजस होतो की, त्यावर कारकूनही बसू शकतो.' वाक्य मला एवढं आवडलं की बायकोला वाचून दाखवलं.

"तुमी कधी बसले?" तिने विचारलं.

बायकांना वाङ्मय कळत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

आषाढातल्या एका रविवारी मालगुजार आले. रिंगणाशी खाट टाकली, चहा झाला. दादाने सुभेदारावर खोगीर कसलं, मिशीला पीळ दिला. रिकिबीत पाय घालणार, तोच मालगुजारांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली.

"दफेदार, तुम्ही तर बसालच. हे लिहिणारे कारकून कुठं हायेत?"

"मालक, तो म्हणजे..." दादा चाचरला.

"भितीमागं हायेत जी!" बायकोने आतून सांगितलं, आणि भिंतीआड लपलेला मी सापडलो.

आता बोला! दादाने मला वर चढवलं आणि हळूच म्हणाला, "काई करू नको. एक फेरी मारून तो आपल्या मनानं थांबते. फक्त पाय हालवू नको."

पाय हलवू नको? अहो, सगळी कचेरी टेबलाखाली पाय हलवते. वर साहेब बोलतो, खाली आपला पाय बोलतो, आणि दिवस जातो. ती सवय नव्हे, नोकरीच आहे!

मालगुजारांनी माझ्याकडे साहेबासारखं पाहिलं आणि माझा उजवा पाय सुरू झाला.

सुभेदार डावीकडे आडवा निघाला. मी घाबरलो, डावा पाय हलला. तो उजवीकडे आला. मग दोन्ही पाय लटलटायला लागले, तसा तो जागच्या जागी नाचू लागला.

मालगुजार खाटेवरून उठले. "क्या बात है! बाबूजी, इशारा तर दिसूनच नाही राहिला!"

दिसणार कसा? मलाच माहीत नव्हता.

थांबवावं म्हणून मी बैलबंडीवर करतो तेच केलं. कासरा ओढून मागे झुकलं की आमचे बैल थांबतात. सुभेदार बैल नव्हता. तो मागे निघाला. मी आणखी झुकलो, तो आणखी जोरात मागे. रिंगण संपलं, बांध संपला, आणि आम्ही दोघे शेजारच्या सीताबाईच्या पऱ्ह्यात, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या धानाच्या कोवळ्या रोपांत, पाठमोरे शिरलो.

"अवो बाबू! माया पऱ्ह्यात घोडा कायले घालून राहिले जी?"

"मी नाही, तोच जाऊन राहिला!"

"मंग तुमी वर काऊन बसले?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधीच मी चिखलात पडलो. सुभेदार तत्काळ थांबला. पाठीवर माणूस नाही, म्हणजे हुकूम नाही. दादा बांधावर उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढे मिलचं फाटक उघडलेलं मला स्पष्ट दिसत होतं.

मालगुजार धोतर सावरत आले. माझ्याकडे न बघता त्यांनी घोड्याचे पाय चाचपले, मान थोपटली.

"दफेदार, वरचा माणूस इतकं उलटसुलट सांगून राहिला, अन् हा एकदाही भडकला नाही. सांगितलं तेवढं सारं केलं. माझे चारही घोडे आता तुमच्या इथं."

मी चिखलातून उठलो आणि जमेल तेवढ्या ऐटीत म्हणालो, "मालक, चिठ्ठीत लिहिलं होतं तसंच झालं ना?"

"अक्षरही खोटं नाही जी," मालगुजार म्हणाले. "घोडा समंजस हाये, अन् वर कारकूनच होता."

दादाचा तबेला पुढे बरीच वर्षं चालला. भरपाई म्हणून सीताबाईच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मी चार रविवार वाकून लावणी केली. कंबर तेव्हाची गेली ती गेलीच.

आता पेन्शनीत आहे, पण पाय काही निवृत्त झालेला नाही. खुर्चीत मागे रेलल्या रेलल्या हलायला लागला की बायको आतून ओरडते, "हळू जी! मागं भित हाये!"