उशाशी कोण

बॅगवालीचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दारातच मशीन, मागे खुंट्यांवर बॅगा. कुणाची चेन गेलेली, कुणाचा बंद तुटलेला, कुणाचं चाक निखळलेलं. मशीन पायाचं. "अहो, मोटर बसवा की, किती दिवस पाय झिजवणार?" असं प्रत्येक गिऱ्हाईक एकदा तरी सांगून बघतं. ती दातांनी दोरा तोडते आणि म्हणते, "मोटर माझं ऐकणार नाही. हे कसं, मी थांबले की थांबतं." गिऱ्हाइकाला वाटतं, बाई चिक्कू आहे. वाटू दे बापडं. बाईला फिट येते, गोळ्या वेळेवर घेऊनही अधूनमधून येतेच. चालत्या मोटरच्या सुईखाली बोट राहिलं तर काय होतं, हे त्याला कुठे माहीत?

दुकानामागेच घर, दोन खोल्यांचं. न्हाणीला आतून कडी नाही, काढून टाकलीय. टेबलाच्या कोपऱ्यांवर तिने फोम घालून रेक्झिनच्या टोप्या शिवल्यात. पाहुणे हसतात, टेबलाला थंडी वाजते का म्हणून. तीही हसते. फिटआधी तिला जळक्या रबराचा वास येतो. तो आला की हातातलं खाली ठेवून जमिनीवर आडवं व्हायला तिला थोडीशी सवड मिळते. पुढचं सगळं दुसऱ्याच्या हातात.

तो दुसरा म्हणजे बहुतेक वेळा पैलवान, तिचा थोरला. चौदा वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला, गोल चेहऱ्याचा, मोजकंच बोलणारा. लिहायला-वाचायला त्याला जमलं नाही, पण हे तिने त्याला शिकवलं. खोटी खोटी फिट आणून ती जमिनीवर पडायची आणि त्याच्याकडून घोकून घ्यायची. खुर्ची लांब ढकल. आईला कुशीवर वळव. डोक्याखाली उशी दे. तोंडात काही घालायचं नाही. मग खांदा धरून बस, आणि आई 'कोण आहे?' म्हणेपर्यंत हलायचं नाही. पैलवान हलत नाही. जग इकडचं तिकडे होवो, तो बसून राहतो.

धाकटी मुलगी स्वमग्न, नऊ वर्षांची. शेजारच्या घड्याळवाल्याने तिचं नाव ठेवलं रेडिओ, आणि तेच चिकटलं. स्वतःचं असं ती काही बोलत नाही. तहान लागली की म्हणते, "पाणी हवंय का तुला?" कारण लोक तिला तसं विचारतात. पण ऐकलेलं मात्र जसंच्या तसं, त्याच आवाजात, मधल्या खोकल्यासकट. सुरुवातीचा शब्द कानावर पडायचा अवकाश, की पुढचं सगळं उलगडत जातं. ध चा मा म्हणून करणार नाही. आणि दिवसभर चालूच असते म्हणून घरात तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. चूक झाली ती इथे.

आता बॅगवालीच्या धाकट्या बहिणीचं सांगायला हवं. शाळेत पहिली फिट आली तेव्हा सगळ्या पोरी किंचाळत पळाल्या. ही एवढीशी बहीण मात्र पळाली नाही, स्वतःचं दप्तर तिने ताईच्या डोक्याखाली सारलं. तेव्हापासून ताईचा जीव तिच्यात. रोज दुपारी ती यायची, पोरांना बघायची, म्हणजे हिला बाजारात जाऊन चेन, बंद, चाकं आणता यायची. घराची एक किल्ली तिच्याकडेच असायची.

महिन्यापूर्वी रस्त्यात फिट आली होती. पैलवान शिकवल्याप्रमाणे आईपाशी बसला, आणि तेवढ्यात रेडिओ कुठेतरी निघून गेली. सापडली टायरच्या दुकानात, एका टायरमध्ये बसलेली, अगदी मजेत. तेव्हापासून नवरा गप्प गप्प. तो सामानाची गाडी चालवतो, प्रत्येक वाक्य 'मी काय म्हणतो' ने सुरू करतो, आणि बहुतेकदा पुढे काही विशेष म्हणत नाही. बहिणीने मात्र धोशा लावला, ताई, मेंदूची तपासणी करून घे. तिनेच गुरुवार ठरवला. आदली रात्र जागून काढायची, केसांना तेल लावायचं नाही, दिवसभराचं काम आहे, पण मी येते सोबत. बॅगवालीला भरून आलं. माझं एवढं कोण करतंय, असं तिने घड्याळवाल्याला सांगितलंसुद्धा.

बुधवारी दुपारी ती बाजारातून परतली, बहीण घरी गेली. रेडिओचे केस विंचरता विंचरता ती म्हणाली, "उद्या गुरुवारी मावशी आईला डॉक्टरकडे नेणार बरं का."

"गुरुवारी मी तिला तपासणीला नेते," रेडिओ म्हणाली. आवाज मावशीचा. "दिवसभर अडकेल ती. तोवर तुम्ही दोघा पोरांना त्या खास मुलांच्या होस्टेलात पोचवून या. कपडे मी काढून ठेवलेत. ताईच्या कानावर पडता कामा नये, नाहीतर आकाशपाताळ एक करेल."

फणी केसातच राहिली. तिने कपाट उघडलं. पोरांचे चांगले कपडे जागेवर नव्हते. खाटेखाली बॅग सापडली, गच्च भरलेली. बॅगेची चेन तिने स्वतःच मागच्या आठवड्यात बसवून दिली होती, बहिणीला गावाला जायचंय म्हणून. कुंपणानेच शेत खाल्लं. ती तिथेच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. रस्त्यात पोरगी हरवली ती आपल्यामुळेच, हेही मनात येत होतं. पण म्हणून हे असं?

बहीण कुणाशी बोलत होती, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. नवऱ्याशिवाय पोरांना कोण नेणार? पण काही गोष्टी दिसत असूनही माणूस बघत नाही.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने घास खाली ठेवला, लाल झाला.

"मी काय म्हणतो, तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. केसाने गळा कापला तिने. सख्खी बहीण अशी?"

रेडिओ ताटातले वाटाणे ओळीने लावत होती. तिने मान वर केली नाही.

"मी काय म्हणतो," ती बापाच्या आवाजात म्हणाली, आणि बापासारखीच खाकरली. "गाडी मागच्या दाराला लावतो. फिरायला नेतो म्हटलं की पैलवान बसतो मुकाट. ती रडेल चार दिवस, मग पडेल सवय."

नवऱ्याने पोरीकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"तुझ्याच भल्यासाठी गं," तो शेवटी म्हणाला. "रस्त्यात मेली असती पोरगी."

"मग मला समोर बसवून सांगायचं होतं. भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "फिट आली की मी कुठे असते, मला कळत नाही. ज्याच्या हाती पडेन त्याची असते. इतकी वर्षं डोळे मिटून तुमच्या हाती पडत आले मी."

झोप कुणाला येणार होती? तपासणीसाठी जागायचं होतंच, जागरण आयतंच घडलं.

सकाळी बहीण आली, हसतमुख, हातात पाण्याची बाटली. भिंतीला टेकून बसलेल्या भाऊजींचा चेहरा पाहिला आणि समजली. "ताई, ऐक तर खरं," ती म्हणाली. "आपलेच दात, आपलेच ओठ, चारचौघांत कशाला..."

"दातांनी ओठ फाडल्यावर हे आठवलं का तुला?" ताई म्हणाली. "किल्ली ठेव तिथे."

आणि तेवढ्यात वास आला. जळक्या रबराचा. रात्रभरचं जागरण, वर हा संताप, येणारच होता. बहीण पुढे धावली, नवराही उठला. दोघांनाही सवय होती, दोघांचेही हात आपोआप पुढे आले. तिने ते झिडकारले.

"तुम्ही नको. हात लावू नका मला." जमिनीवर आडवी होता होता तिने हाक मारली, "पैलवान."

पुढचं तिला ठाऊक नाही.

भान आलं तेव्हा डोकं जड होतं, जीभ चावलेली. खांद्यावर हात होता, घट्ट.

"कोण आहे?"

"मी," पैलवान म्हणाला. मनगटावर ओरखडे उठले होते त्याच्या. दुसऱ्या हाताने त्याने रेडिओचा फ्रॉक मुठीत धरला होता. हे काही तिने त्याला शिकवलं नव्हतं. टायरच्या दुकानानंतर ते त्याचं त्यानेच ठरवलं असावं.

मागचं दार उघडं होतं. बाहेर गाडी उभी होती. नवरा आणि बहीण दारापाशी उभे होते, तिच्या नजरेला नजर न देता.

"काय झालं?" तिने विचारलं.

बोलली रेडिओ, आधी मावशीच्या आवाजात. "काय झालं भाऊजी, थांबलात का? आत्ताच न्या. तिला काय कळतंय आत्ता."

मग ती बापासारखी खाकरली.

"मी काय म्हणतो, हा सोडतच नाहीये."