पुंजाजी काय म्हणाला

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, तरी नाही. मंदिरात महाराजांपुढं आलोचनेला, म्हणजे आपली पापं सांगायला बसलो, तिथं सगळं ओकलो. कांदा खाल्ला, मापात मारलं, परक्या बाईकडं वाईट नजरेनं पाहिलं — सगळं. एवढं एक मात्र दरवेळी गिळलं. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच काहून? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय!

माझं नाव शांतिनाथ. हसा, हसा. कारंज्यात सगळेच हसायचे. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. आमचं घर जैनाचं. पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, दिवस मावळल्यावर घास नाही. पावसाळ्यात किडे मरतात म्हणून आई दिव्यावर जाळी ठेवायची. अन् त्या घरात मी! शाळेत एकाचा दात पाडला. एकदा बैल अडला म्हणून गाडीवानाच्या हातातली तुतारी, बैल हाकायची टोकदार काठी, हिसकावून ती बैलाला नव्हे, गाडीवानालाच टोचली. राग आला की डोळ्यांपुढं लाल व्हायचं, अन् मग हात माझा राहायचा नाही — असं मी लोकांना सांगायचो. खोटं आहे ते. हात माझाच असायचा. मारताना बरं वाटायचं. आहे ते आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. कापसाचे व्यापारी. आमची स्वतःची जिन-प्रेस होती. कापसातली सरकी काढायची, रुईच्या गाठी दाबायच्या, लोखंडी पट्ट्या आवळायच्या अन् गाठी मुंबईला. तिथून बोटीनं परदेशात. तेव्हा वाशीम जिल्हा कुठला! कारंजं अकोला जिल्ह्यात, अन् अकोला मध्य प्रदेशात. देशाची घटना नवी नवी आली होती. देशाबाहेर जाणाऱ्या मालाच्या विक्रीवर राज्यानं कर घ्यायचा नाही, असं तिच्यात लिहिलेलं. तरी विक्रीकराच्या साहेबांनी आप्पांकडून तो घेतलाच. भरला नाही तर प्रेसला कुलूप ठोकू, म्हणाले. आप्पांनी मुकाट्यानं भरला अन् अकोल्याच्या कोर्टात दावा लावला — घेतलेला कर परत करा.

सरकारचं उत्तर काय आलं? यांचा माल परदेशात गेलाच नाही. मुंबईतच विकला, आता बोटीचं नाव सांगून सरकारला फसवतात. आप्पांना पैशाचं दुःख होतं, नाही कसं, कर्ज काढून भरला होता. पण ते उत्तर वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा आप्पांचं तोंड पांढरं पडलं. जन्मात त्यांना कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं. म्हणाले, पैसे बुडाले तरी चालतील, न्यायाधीशानं एवढं म्हणावं की हा माणूस खरं बोलला. त्यानंतर घरात दुसरा विषयच राहिला नाही.

अडचण अशी, की बंदरावरचे कागद मुंबईच्या आडत्याकडं होते, अन् त्याच्या कचेरीला आग लागून ते जळाले होते. आमच्याजवळ मुंबईपर्यंतची रेल्वेची बिल्टी, माल चढवल्याची पावती, पुढचं काहीच नाही. वकील म्हणाला, माल बोटीत चढताना डोळ्यांनी पाहिलेला माणूस उभा करा.

तसा माणूस एकच होता. पुंजाजी.

पुंजाजी रिठदचा. आप्पांच्या तरुणपणापासून आमच्याकडं. गाठींवर काळ्या रंगानं आमचा मार्का मारायचा, अन् माल निघाला की मालाबरोबर मुंबईपर्यंत जायचा. आमच्या भागात समुद्र पाहिलेली माणसं किती असतील हो तेव्हा? पुंजाजीनं पाहिला होता. बोटीच्या पोटात गाठी कशा उतरतात ते तो चिलीम बाजूला ठेवून, दोन्ही हात हवेत धरून दाखवायचा. होळीला, पोळ्याला, कोणी विचारो न विचारो. हमाल त्याला चिडवायचे, "पुंजाजी, बोट बुडवली का नाई अजून?" तोही हसायचा. अन् आता तेच त्याला न्यायाधीशापुढं सांगायचं होतं. त्यानं नवं धोतर घेतलं. आप्पांनी त्याला पढवलं नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "पाहिलं तेवढं सांग पुंजाजी, एक शब्द जास्त नको."

तारखेच्या आधी रामनवमी आली. पुंजाजी दोन दिवसांची सुटी घेऊन गेला. कुठं गेला, मी विचारलं नाही.

दुपारी मी चौकात चहाच्या हॉटेलात बसलो होतो. ऊन म्हणजे नुसता जाळ. एवढ्यात सरकारी जीप आली. विक्रीकराच्या इन्स्पेक्टरची, आख्खं गाव ओळखायचं ती. अन् तिच्यातून उतरलं कोण? आमचा पुंजाजी! काखेत गाठोडं, अन् वाकून त्या इन्स्पेक्टरला रामराम घालून राह्यला. हॉटेलातला एक जण माझ्याकडं पाहून खाकरला. म्हणाला, "शांतिनाथ, तुमचा साक्षीदार गेला बाप्पा बाजारात."

तळपायाची आग मस्तकात. मी उठलो.

आता थांबू का इथं? थांबावंसं वाटतं. पण नाही थांबत.

पुंजाजी सरळ प्रेसवरच आला होता. जेवणाची सुटी, यंत्र बंद, हमाल बाहेर निंबाच्या सावलीत. गाठींच्या थप्पीमागं मी त्याला गाठलं. पहिली थोबाडीत दिली ती काही न विचारता. मग विचारलं, किती घेतले? तो म्हणाला, "छोटे मालक, मोटर हुकली माही. सायबानं बसवून घेतलं." मी म्हटलं, "अबे, मले शिकवतं?" अन् पायात पडलेला पट्टीचा तुकडा उचलला. लोखंडी पट्टी ती, गाठ आवळायची. पाठीवर मारली, खांद्यावर मारली, त्यानं डोक्यावर हात धरले तर हातांवर मारली. बंडी फाटली अन् खालचं कातडंही फाटलं. गाठोडं सुटलं. त्यातून नारळ घरंगळत गेला, कुंकवाची पुडी पडली. "पोहऱ्याच्या जत्रेले गेलो होतो," तो ओरडला, "देवीपुढं — कोर्टात जीभ अडखळू नये म्हनून — मालकासाठी परसाद —"

ऐकलं मी. खरं बोलतो हे कळलं? कळलं. नारळ माझ्या डोळ्यांपुढं होता, कसं कळणार नाही? तिथंच हात थांबायला पाहिजे होता. पण मग मी चुकलो असं झालं असतं, अन् एका मार्का मारणाऱ्यापुढं चुकलेलं मला चालणार नव्हतं. काट्याजवळ अडीच शेराचं वजन होतं. ते मुठीत धरलं अन् त्याच्या तोंडावर हाणलं. एकदा. मग आणखी एकदा. आवाज झाला — कापसाची सुकी पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा. तो खाली बसला. जबडा एका बाजूला लोंबत होता अन् रक्त त्या नव्या धोतरावर. नवंच नेसून आला होता.

त्यानं वर पाहिलं. डोळ्यांनीच विचारलं, काहून? अन् मी — मला पुढचं भय वाटलं. हा आप्पांकडं जाईल, सांगेल. म्हणून मी म्हणालो, "माझ्याकडं काय पाहतो? आप्पांनीच सांगितलं मारायला."

मारण्याचं एक वेळ सोडा. मार बुजतो. पण हे वाक्य! तीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं, ज्याच्यासाठी देवीला गेला, त्यानंच मारायला लावलं — हे मी त्याच्या फुटलेल्या तोंडावर सांगितलं. अन् त्यानं ते मानलं. कसं नाही मानणार? मी मुलगा होतो ना त्यांचा.

गाडीवानाला सांगितलं, थप्पीवरून पडला, रिठदला पोचव याला. आप्पा तेव्हा अकोल्यात वकिलाकडं होते. तारखेला त्यांनी विचारलं, पुंजाजी कुठं? मी म्हटलं, विकला गेला तो. सरकारच्या जीपमध्ये गावानं पाहिला, आता तोंड लपवून रिठदला बसला. चौकातल्या लोकांनीही तेच सांगितलं. जीप तर खरीच होती ना! आप्पा कोर्टाच्या पायरीवर बसले, तिथल्या तिथं. पुढची तारीख मिळाली, ते रिठदला माणूस पाठवतो म्हणाले. मीच म्हटलं, मी जाऊन येतो. गेलो नाही. मूर्तिजापूरच्या स्टेशनवर बसून राहिलो अन् परत येऊन सांगितलं, नाही येत म्हणतो.

दावा फेटाळला. माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा नाही, असा निकाल. म्हणजे काय, तर सरकार म्हणतं ते खरं. कर्ज होतंच, प्रेस विकावी लागली. वकील म्हणाला नागपूरला हायकोर्टात जाऊ. आप्पा म्हणाले, कशाच्या जोरावर? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा त्यांच्या बाजूलाच बसून पान खात होता.

इथपर्यंत सांगितलं तर तुम्ही म्हणाल, तापट होता, तरुण होता, भ्याला. थांबा. अजून राहिलंच आहे.

भादव्यात आमचे दहा दिवस व्रताचे असतात. ते संपले की क्षमावाणी. त्या दिवशी लहान-मोठा, मालक-नोकर, सगळ्यांपुढं हात जोडायचे — वर्षभरात मन दुखावलं असेल तर क्षमा कर. त्या वर्षी आप्पांनी रिठदला बैलगाडी पाठवली, मला न विचारता. म्हणाले, मनात एका माणसाबद्दल गाठ राहिली, ती घेऊन पुढच्या वर्षात जाणार नाही.

अन् मालकानं बोलावलं म्हणून पुंजाजी आला! जबडा वाकडाच जुळला होता, गाल आत ओढलेला, ओठ मिटत नव्हते. लाळ पुसायला हातात फडकं. आप्पा पाहतच राहिले. मी लगेच म्हटलं, थप्पीवरून पडला होता ना. अंगणात भावकी जमलेली, शेजारी जमलेले. आप्पांनी आधी स्वतः हात जोडले. म्हणाले, "पुंजाजी, माझ्याकडून तुला दुखलं असेल तर क्षमा कर." मग म्हणाले, "अन् तू जे केलं, त्याची मीही तुला क्षमा केली. मनातून केली."

पुंजाजीला काही समजेना. आप्पांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग तो बोलला. त्या तोंडातून शब्द कसले, नुसता घोगरा आवाज अन् थुंकी. आप्पांना यंत्रापाशी जन्म काढून कमी ऐकू यायचं. लोकांनाही उमगलं नाही. मला उमगलं. शब्दन् शब्द उमगला. तो म्हणाला, "मालक, तुमी काहून मारलं मले? मी तं खरंच सांगनार होतो."

आप्पांनी माझ्याकडं मान वळवली. "काय म्हणतो रे?"

मी म्हटलं, "म्हणतो, पैसे घेतले, चूक झाली."

पुंजाजीचा जबडा मोडला होता, कान नाही. ऐकलं त्यानं. माझ्याकडं पाहिलं — किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग आप्पांकडं पाहिलं. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं अन् तोंडावर समाधान होतं, बऱ्याच महिन्यांनी. त्या वेळी पुंजाजीला कळलं असणार की हुकूम आप्पांचा नव्हताच. बोट उचलून माझ्याकडं दाखवलं असतं तरी पुरे होतं. त्यानं दाखवलं नाही. खाली वाकून आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं, बराच वेळ ठेवलं. मग फडकं तोंडाला लावून गाडीत जाऊन बसला. आईनं दिलेला लाडू त्याला चावता येत नव्हता, तो त्यानं गाडीवानाला दिला.

पुढं एकदोन वर्षांत तो रिठदलाच वारला. आप्पा त्याच्यानंतर बरीच वर्षं जगले. कोणी त्या दाव्याचं काढलं की म्हणायचे, पुंजाजीनं चारचौघांत कबूल केलं बरं का, कबूल करायला छाती लागते. मला ऐकवायचे ते. माझ्या रागावर औषध म्हणून पुंजाजीचं उदाहरण द्यायचे. मी मान हलवायचो.

आजही क्षमावाणीला मी गावात हात जोडत फिरतो. ऐंशी उलटली, पोरं धरून नेतात. वाण्याला, न्हाव्याला, दूधवाल्याला, सगळ्यांना जोडतो. पुंजाजीची मुलगी रिठदला होती, तिची मुलं असतील. तिकडं गेलो नाही. जाणारही नाही.

पुंजाजीनं पैसे घेतले नव्हते. आप्पांनी मारायला सांगितलं नव्हतं. दोन्ही मी बोललो.