सुमीच्या हातचं पाणी

देवावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण एका नवरात्रात ती पार डळमळली होती. देव आहे की नाही, असा प्रश्न मला पडला नव्हता. त्याचं नाव घेऊन मी दुसऱ्यांच्या लेकरांना जे शिकवत होते, ते बरोबर आहे का, हेच कळेनासं झालं होतं. तेव्हाची गोष्ट सांगते.

आम्ही नागपुरात विणकरांच्या वस्तीत राहायचो. शहराबाहेर कोराडीला तेव्हा वीजघर नव्हतं, देवीचं देऊळ आणि आजूबाजूला शेतं एवढंच होतं. आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग होते. सकाळी सुरू झालेला खटखटाट दिवेलागणीला थांबायचा. माझे यजमान लुगडी विणायचे. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकलेली. दुपारी रिकामी असायचे, म्हणून गल्लीतल्या लहान मुलांना दर गुरुवारी ओट्यावर गोळा करायचे. आधी एक श्लोक, मग एखादी गोष्ट, शेवटी हातावर फुटाणे. लेकरं फुटाण्यांसाठी यायची, हे मला ठाऊक होतं.

श्लोक तोंडपाठ करणारी मुलं ओट्यावरून उतरली की एकमेकांच्या झिंज्या उपटायची. म्हणून मी एक नेम लावला. गुरुवार ते गुरुवार शेजारच्या घरचं एक तरी काम करायचं, कुणी न सांगता. दुसऱ्या गुरुवारी काय केलं ते सांगायचं. सुरुवातीला गमतीच जास्त झाल्या. एकाने शेजारणीचे वाळत घातलेले पापड वाऱ्यात उडतील म्हणून उचलून आणले आणि निम्मे वाटेतच खाल्ले. दोघींनी मिळून एका म्हातारीच्या तुळशीला इतकं पाणी घातलं की ती सडली. पण हळूहळू मुलांना गोडी लागली. नळावर कुणाची घागर उचलू लाग, कुणाचं तान्हं मूल खेळव, असं चालू झालं. गल्लीतल्या बायाही कौतुक करायच्या.

मग आमच्या समोरच्या रिकाम्या खोलीत शिवराम राहायला आला. सोबत बायको गिरजा आणि सहा वर्षांची सुमी. शिवरामला महारोग झाला होता. दवाखान्यात बरीच वर्षं औषध घेऊन तो बरा झाला होता, पण बोटं वाकडी राहिली होती. मागावर बसणं त्याला जमत नव्हतं, तो घरी कांड्या भरायचा. बाण्याचं, म्हणजे आडवं विणायचं सूत कांडीवर गुंडाळायचं, एवढं काम त्या हातांनी व्हायचं.

पुढच्याच गुरुवारी बेबीने विचारलं, "मावशी, सुमीच्या घरचं बी काम करायचं काय?" बेबी म्हणजे शेजारच्या भागाबाईंची नात, सुमीच्याच वयाची. मी म्हटलं, "करायचं. ते शेजारीच आहेत ना?"

संध्याकाळी भागाबाई आल्या. मागे आणखी तिघी-चौघी. भागाबाई वाईट बाई नव्हत्या. माझ्या टायफॉइडात महिनाभर आमच्या घरी पेज त्यांच्याकडूनच यायची. पण त्या दिवशी त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"तू आमच्या पोट्ट्यायले महारोग्याच्या घरी धाडून राहिली काय वं?"

मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, तो बरा झालाय. आता त्याच्यापासून कुणाला लागत नाही."

"डॉक्टर राह्यते का इथं? राह्यतो तं आपण." मग त्या म्हणाल्या, "तुले लेकरू असतं, तं तुले समजलं असतं."

त्या गेल्या. यजमान माग थांबवून बाहेर आले, माझ्याजवळ बसले. मला राग आला नाही. बोलणं लागलं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते खरं वाटू लागलं. मी स्वतः दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून आले होते. तरी मनात यायचं, उद्या यातल्या एखाद्या लेकराच्या अंगावर चट्टा उठला तर? प्रेम करा, मदत करा, हे सांगणं सोपं होतं. माझं स्वतःचं काहीच पणाला लागत नव्हतं. गुरुवारी ओटा रिकामा राहू लागला. फक्त सुमी यायची. श्लोक म्हणायची आणि फुटाणे बापासाठी पदराच्या टोकाला बांधून न्यायची. इवलंसं लुगडं नेसवायची तिची आई तिला.

टायफॉइडातून उठले तेव्हा मी देवीला बोलले होते की नवमीला कुमारिका जेवू घालीन. नवमी आली. मी गल्लीतल्या सगळ्या मुलींना आमंत्रण दिलं, सुमीलाही दिलं. भागाबाईंनी विचारलं, "ते बी येणार हाये काय?" मी हो म्हटलं. त्या आत गेल्या.

खीर केली, पुऱ्या तळल्या, हरभऱ्याची उसळ केली. ओट्यावर पत्रावळी मांडल्या. सुमी न्हाऊन, तेल लावून, चापून वेणी घालून आली. मी तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, पाटावर बसवलं. बाकीचे पाट तसेच. दारादारांतून मुली डोकावत होत्या, मागून कुणाचा तरी हात त्यांना आत ओढत होता.

"मावशी, बाकीच्या कवा येतीन?" सुमीने विचारलं.

मी तिच्यासमोरची पत्रावळ सरळ केली. मनात म्हटलं, देवी, मी चुकत असेन तर तसं सांग, बरोबर असेन तर तसं सांग. मला एकटीला आता हे पेलवत नाही.

तेवढ्यात गल्लीत एक बाई आली. अंगावर विटलेलं हिरवं लुगडं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले, हातात नारळाची पिशवी. कोराडीला पायी निघाली होती आणि सोबतच्या बायांपासून चुकली होती. माझ्या ओट्याशी येऊन म्हणाली, "माय, घोटभर पाणी दे वं. जीव सुकून गेला."

मी उठायच्या आत सुमी पाटावरून उठली. माठातून गडवा भरून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून तिच्यासमोर नेला. समोरच्या दारातून गिरजा घाबरून ओरडली, "सुमे, नोको! तू नोको देऊ!" स्वतःच्या लेकीला अशी हाक मारावी लागलेल्या त्या आईचा आवाज मी विसरू शकत नाही.

भागाबाई त्यांच्या दारातून म्हणाल्या, "अवं बाई, त्या पोरीच्या हातचं पिऊ नोको. तिच्या बापाले महारोग होता."

बाईने एकदा भागाबाईंकडे पाहिलं, एकदा सुमीकडे. मग गडवा घेतला आणि घटाघटा प्यायली. रिकामा गडवा परत सुमीच्याच हातात दिला. "आणखी आण माय." सुमी पळत गेली. दुसरा गडवाही तिने संपवला.

"नवमीची कुमारिका हाये हे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, कुणाला टोमणा मारल्यासारखंही बोलली नाही. "हिच्या हातचं नाही पेयचं, तं मंग कोराडीले जाऊन मी कोणाच्या पाया पडू?"

असं म्हणून ती खाली वाकली, सुमीच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला. मी जेवायला थांबा म्हटलं, तर म्हणाली, "सोबतिणी शोधत असतीन." आणि आली तशी निघून गेली.

गल्लीत माग बंद होते. सणाचा दिवस. सुमी परत पाटावर बसली आणि मी तिला वाढलं. मग भागाबाईंच्या हाताखालून बेबी निसटली, धावत आली आणि सुमीशेजारच्या पाटावर बसली. भागाबाई मागोमाग आल्या.

"बेबे, उठ!"

बेबी म्हणाली, "आजी, सुमी एकटीच जेवून राहिली ना वं. बाजूलेच तं राह्यते ते आपल्या."

भागाबाई ओट्याशी उभ्या राहिल्या. हात उचललेला होता, तो तसाच खाली आला. मी पातेलं घेऊन उभी. माझा हात वाढायला पुढे होईना, कारण लेकरू त्यांचं होतं. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "पाय धू तिचे अगुदर. मातीतून आली ते."

मी बेबीचे पाय धुतले. कुंकू लावून तिला पुन्हा पाटावर बसवलं. मागून आणखी दोघी आल्या. बाकीचे पाट रिकामेच राहिले.

त्या दिवशी गल्ली बदलली असं मी सांगणार नाही. जेवण झाल्यावर भागाबाईंनी बेबीला नळावर नेऊन सगळ्यांदेखत आंघोळ घातली. काही घरांनी मुलं पुन्हा पाठवलीच नाहीत. पण गुरुवारी बेबी आली. दिवाळीनंतर भागाबाईंनी स्वतःच्या मुलाच्या मागासाठी शिवरामकडे कांड्या भरायला सूत दिलं. आधी सूत त्याच्या ओट्यावर ठेवून येत असत, पुढे हातात देऊ लागल्या. कुणाच्याही लेकराला काही झालं नाही.

ती बाई कोण होती, हे मला माहीत नाही. यजमान तिला रस्ता दाखवायला लगेच मागे गेले होते, कोपऱ्यावर ती दिसली नाही, एवढंच. रस्त्यावर जत्रेला जाणाऱ्यांची गर्दी होती, मिसळून गेली असेल. मी कधी चौकशी केली नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं.

दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला मी सुमी आणि बेबीला घेऊन बसने कोराडीला गेले. भागाबाईंनी दोघींपुरत्या दशम्या बांधून दिल्या होत्या. देवळात मुली एकमेकींचा हात धरून घंटा वाजवायला उड्या मारत होत्या, आणि मी हात जोडून उभी होते. इतके दिवस मला वाटायचं, या मुलांना चांगलं मीच करायचंय, वाईटापासून मीच राखायचंय. त्या ओझ्यानेच मी खचले होते. देवीला म्हटलं, "लेकरं तुझी आहेत आई. शिकवणारी तू, राखणारीही तू. मी आपली ओटा झाडून ठेवीन." आणि एवढं बोलल्यावर कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला.