बांगड्यांचा बर्फ आणि बाबांची गाडी

बाबांची जुनी काळी गाडी अजून आमच्या घरामागच्या मांगरात उभी आहे. रविवारी बॉनेट उघडून मी कार्बोरेटर पुसतो आणि दर वेळी मला बांगड्यांचा वास येतो. घरातले म्हणतात, भास. म्हणोत.

मे महिन्याच्या भर उन्हात आम्ही दोघे धामापूरला मुलगी बघायला निघालो होतो. तिला मी मालवणच्या कॉलेजात पाहिलं होतं, आणि तिथून नकार आला तर जगण्यात राम नाही असं माझं ठाम मत होतं. "एसटीने जाऊया," मी म्हटलं. बाबांनी असं पाहिलं, जणू मी त्यांना अनवाणी चालायला सांगितलं होतं.

चौकेच्या चढावर गाडी दोनदा खोकली आणि बसली. मी घाम गाळून धक्का मारला. व्यर्थ. मग बाबांनी बाह्या सरसावल्या. कार्बोरेटरचं झाकण काढलं, तर आत पेट्रोलचा थेंब नाही. पेट्रोल सोडणारा बारीक जेट तोंडाने फुंकून पाहिला, तो साफ. टाकी तर काठोकाठ. शेवटी त्यांनी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"पंप तापलो. आत पेट्रोलाची वाफ झाली. थंड केल्याशिवाय पेट्रोल पुढे येवचा नाय."

पाण्याची बाटली आम्ही केव्हाच संपवली होती. तेवढ्यात डोक्यावर टोपली घेऊन एक मासेवाली चढ चढत आली.

"बाय, बर्फ आसा काय गो?" बाबांनी विचारलं.

"आसा. पण तो बांगड्यांचो, गाडयेचो न्हय."

"थोडो दी."

"आणि माझे बांगडे कुसले तर? माका धामापूराक नेशात तर देतंय."

बाबांनी मुकाट्याने पुढचं दार उघडलं. बर्फ फडक्यात बांधून पंपावर ठेवला, आणि थोड्या वेळाने गाडी धडधडू लागली. बाई पुढे महाराणीसारख्या बसल्या. टोपली मागे, माझ्या मांडीवर. नव्या पँटीवर बांगड्यांचं पाणी ठिबकत होतं.

धामापुरात बाई आमच्याबरोबरच मुलीच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरल्या. तिथे त्यांचं रोजचं गिऱ्हाईक होतं. मुलीच्या आईने माझ्याकडे पाहून नाक मुरडलं आणि माझा जीव पँटीत, म्हणजे बांगड्यांच्या पाण्यात गेला.

"झील कसो वाटता गो?" आईने मासे निवडताना बाईंना माझ्याबद्दल हळूच विचारलं.

"बरो आसा," बाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "उन्हात गाडी ढकलल्यान, टोपली मांडयेर घेतल्यान, पण बापाशीक एक शब्द उलटो बोलाक नाय."

आतून, दाराआडून, मुलीचा आवाज आला, "झील चलात. वरातीक गाडी मात्र दुसरी आणूक सांग."

मी हवेत. बाबांचा चेहरा मात्र पडला. परतीच्या वाटेवर त्यांनी स्टिअरिंगवर हलकेच थाप मारली. मग मुलीबद्दल म्हणाले, "चेडू बरा आसा. पण गाडयेतला तेका काय कळता?"

"काय एक नाय," मी म्हटलं.

इतक्या चटकन मी बाबांच्या होला हो आयुष्यात कधी मिळवला नव्हता.