कोऱ्या बुटांची राखण

संशय घेणं माझ्या अंगातच आहे. दूधवाल्याने माप नीट भरलं तरी मी त्याच्या अंगठ्याकडे बघत असे. आई म्हणायची, "ही पोरगी देवानं प्रसाद देला तरी हुंगून पाहीन." मला त्याचा राग येत नसे, कारण हुंगून पाहिल्याने माझं कधी नुकसान झालं नव्हतं.

सत्तरच्या दशकातली, नागपुरातली गोष्ट. मला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं होतं. त्यासाठी जूनमध्ये मैदानाच्या चार फेऱ्या धावण्याची परीक्षा होती आणि बूट घालूनच धावायचं असा नियम होता. निवड झाली तर होस्टेल, शिक्षण, पुढे शाळेत नोकरी. नाही झाली तर कळमेश्वरचं स्थळ. मुलाकडच्यांनी पत्रिका मागून नेली होती आणि दादा परीक्षेच्या निकालावर थांबला होता. म्हणजे माझं सगळं त्या चार फेऱ्यांवर येऊन ठेपलं होतं.

दादाने बर्डीच्या बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट आणून दिले. आईने त्यांना कुंकू लावलं आणि कपाटावर ठेवून दिले. नवी वस्तू चांगल्या दिवशीच अंगाला लावायची, ही आमच्या घरची रीत. मला ती मनापासून पटली होती. रोज पहाटे मी रेशीमबागेच्या मैदानावर अनवाणी धावत असे आणि घरी आल्यावर बूट जागेवर आहेत ना, ते बघत असे.

वहिनी तेव्हा नवीनच होती, भिवापूरकडची. बूट आले त्याच आठवड्यात तिने तोंड उघडलं. "ताई, ते बूट वर काहून ठेवले? आतापासून घाला. कोरे बूट त्या दिवशी टाच सोलून काढतीन. फोड येतीन."

मी म्हटलं, "तुले काय माहीत?"

"शाळेत जाले मी दोन कोस चालत जावो. नवे बूट भेटले की पयले घरातच घालो. टाचेजवळ आतून साबण घासाचा, कोरडा. मोजे उलटे घालाचे, शिवण बाहेर. पाय ओला राहू द्याचा नाही."

झालं. माझं डोकं चालायला लागलं. बुटाला साबण? म्हणजे पाय आत सटकला पाहिजे! मोजे उलटे? म्हणजे सगळ्या मुली हसल्या पाहिजेत! आणि आत्तापासून घालून बूट झिजवायचे, म्हणजे ऐन दिवशी तळ उघडा. हिला माझी एवढी काळजी का? नणंदेच्या पायाची चिंता करणारी भावजय मी तोवर पाहिली नव्हती. मी बुटांच्या नाड्यांना एक खास गाठ मारून ठेवली, मला एकटीलाच येणारी.

परीक्षेच्या चार दिवस आधी गाठ बदललेली दिसली.

मी बूट खाली काढले. बोटांपाशी कापडाला घड्या पडल्या होत्या, टाचेची कडक कड मऊ झाली होती, आणि आतून कपड्याच्या साबणाचा वास येत होता. मी घर डोक्यावर घेतलं. आईने वहिनीला समोर बोलावलं.

"काहून वं, दुसऱ्याच्या बुटात पाय घालाची तुले काय गरज होती?"

वहिनी खाली मान घालून म्हणाली, "घालून पाहून राहिली होती."

चोरी पकडल्याचा मला फार आनंद झाला. पण आनंदाने काम भागत नव्हतं. दादाने दुसरे बूट आणायला साफ नकार दिला. मी दोन दिवस वहिनीशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी रडले, कारण मला खात्री होती की तिने माझं आयुष्य वापरून जुनं केलंय.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर पांढऱ्याशुभ्र बुटांची रांग होती. बहुतेक मुलींनी माझ्या आईसारख्याच आयांचं ऐकलं होतं. एकीच्या बुटावर तर हळदीचा ताजा ठिपका होता. दुसऱ्या फेरीत ती खाली बसली. तिसरीत आणखी दोघी लंगडू लागल्या, एकीने बूट काढून हातात घेतले आणि तिला बाद केलं. मी मात्र माझ्या पायांवर लक्ष ठेवून धावत होते. आता सटकेल, आता सोलेल. चौथी फेरी संपली तरी काही झालं नाही. मी पाचवी आले. दुपारी यादी लागली, तीत माझं नाव होतं.

घरी आले तेव्हा वहिनी मागच्या न्हाणीपाशी पाय धूत होती. लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं. दोन्ही टाचांवर रुपयाएवढे सोललेले डाग होते, अर्धे सुकलेले, अर्धे अजून लाल. माझ्या टाचा कोऱ्या होत्या.

"काहून केलं वं असं?" मी विचारलं.

तिने पाय पुसले. माझ्याकडे बघून सरळ म्हणाली, "तुमी होस्टेलात गेल्या की मधली खोली आमाले भेटते. लगन होऊन सात महिने झाले. हे वट्यावर झोपतेत, मी सासूबाईजवळ. स्थळाचं जमता जमता साल गेलं असतं."

म्हणजे माझा संशय खरा होता. तिला मी घरातून जायला हवी होते. सात महिने त्या खोलीत दार लावून मी एकटी झोपत होते, आणि साऱ्या घरावर नजर ठेवूनही एवढं मला दिसलं नव्हतं.

संध्याकाळी मी माझी ट्रंक आणि वळकटी उचलली आणि आईच्या खाटेशेजारी नेऊन टाकली. होस्टेल सुरू व्हायला अजून पंधरा दिवस होते.